धावत्या रेल्वेलगतचे पादचारी व सायकल मार्ग : बंगळुरूच्या संदर्भात एक विचार

शहरातील रेल्वेमार्ग ही सार्वजनिक जमिनीची सलग पट्टी असते. रस्त्यांना चौक, वळणे, अतिक्रमणे यांचा अडथळा होतो. रेल्वेची पट्टी मात्र शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते. या पट्टीच्या कडेने, रुळांपासून सुरक्षित अंतर राखून आणि भक्कम कुंपण घालून, चालण्यासाठी, धावण्यासाठी व सायकलीसाठी एक सामायिक मार्ग आखता येईल काय, हा प्रश्न नगरनियोजनाच्या क्षेत्रात अनेक देशांमध्ये विचारला गेला आहे. अशा मार्गास 'रेल्वेलगतचा बहुउपयोगी मार्ग' असे म्हणता येईल.

भारतात हा विषय प्रथमदर्शनी चैनीचा वाटण्याची शक्यता आहे. ज्या शहरांत साधे पदपथ धड नाहीत, तेथे रेल्वेच्या कडेला फिरण्याची सोय कशासाठी, असा आक्षेप कोणीही घेईल. तथापि, वस्तुस्थिती निराळी आहे. आपल्याकडे रुळांच्या कडेने लोक आजही चालतात. शाळा, बाजार, कारखाना आणि स्थानक गाठण्यासाठी तीच वाट त्यांना सरळ व जवळची पडते. ही वाट बेकायदा आहे आणि जीवघेणीही आहे. त्यामुळे हा प्रश्न मनोरंजनाइतकाच सुरक्षिततेचा आहे. बंगळुरू शहराच्या उदाहरणावरून त्याचे निरनिराळे पैलू समजून घेणे उपयुक्त ठरेल.

संकल्पनेचे दोन प्रकार

रेल्वे आणि सार्वजनिक मार्ग यांचा संबंध दोन प्रकारे येतो. पहिल्या प्रकारात रेल्वे बंद झालेली असते आणि रूळ काढून त्या जागी मार्ग केला जातो. न्यूयॉर्कमधील 'हाय लाइन' हे उन्नत उद्यान अशाच बंद पडलेल्या मालवाहू मार्गावर उभारण्यात आले असून त्याचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. सिंगापूरमधून मलेशियाकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावरील गाड्या २०११ च्या मध्यास बंद झाल्या. तेथील सुमारे २४ किलोमीटर लांबीची पट्टी आज 'रेल कॉरिडॉर' या नावाने ओळखली जाते.

दुसऱ्या प्रकारात रेल्वे चालूच असते आणि तिच्या शेजारी मार्ग असतो. हा प्रकार अधिक कठीण आहे, कारण येथे दोन परस्परविरोधी गरजा एकाच पट्टीत सांभाळाव्या लागतात. गाडीला निर्धोक, मोकळा मार्ग हवा असतो, तर माणसाला मोकळेपणाने ये-जा करायची असते. बंगळुरूच्या दृष्टीने दुसरा प्रकारच महत्त्वाचा आहे. तेथील रेल्वेमार्ग बंद पडत नाहीत. उलट त्यांवरील वाहतूक वाढत आहे आणि नवे मार्ग घातले जात आहेत.

बंगळुरूचे रेल्वेजाळे

बंगळुरूला रेल्वे आली ती १८६४ मध्ये. मद्रास रेल्वेने जोलारपेट्टैपासून बंगळुरू छावणीपर्यंत मार्ग आणला. त्यानंतर म्हैसूर संस्थानाच्या पुढाकाराने म्हैसूर व तुमकुरू या दिशांना मार्ग गेले. आज म्हैसूर, तुमकुरू, हिंदुपूर, जोलारपेट्टै आणि होसूरमार्गे सेलम अशा दिशांना शहरातून रेल्वेमार्ग फुटतात. हे सर्व मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या बंगळुरू विभागात येतात. २००३ मध्ये स्थापन झालेल्या या रेल्वे क्षेत्राचे मुख्यालय हुब्बळ्ळी येथे आहे.

हे मार्ग टाकले गेले तेव्हा त्यांच्या भोवती शेते व तलाव होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८४ लाखांवर गेली होती. वस्ती रुळांच्या दोन्ही अंगांना दाटली आणि एकेकाळी शहराबाहेर असलेला रेल्वेमार्ग शहराच्या मधोमध आला. परिणामी रूळ ही दोन वस्त्यांमधील भिंत ठरली. पलीकडची शाळा नजरेच्या टप्प्यात असली तरी कायदेशीर मार्गाने तेथे पोहोचण्यासाठी दूरचा पूल किंवा भुयारी मार्ग गाठावा लागतो.

या जाळ्याची पुनर्रचना सध्या होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२० मध्ये बंगळुरू उपनगरी रेल्वे प्रकल्पास मान्यता दिली. त्याची लांबी सुमारे १४८ किलोमीटर व मंजूर खर्च १५,७६७ कोटी रुपये होता. जून २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते प्रकल्पाची पायाभरणी झाली. कर्नाटक शासन आणि रेल्वे मंत्रालय यांची संयुक्त कंपनी 'के-राइड' ही अंमलबजावणी यंत्रणा आहे. प्रकल्पातील चार मार्गिकांना संपिगे, मल्लिगे, पारिजात आणि कनक अशी फुलांची नावे देण्यात आली. बैयप्पनहळ्ळी ते चिक्कबाणावर ही मल्लिगे मार्गिका सुमारे २५ किलोमीटरची असून तिच्यापैकी सुमारे १७ किलोमीटर भाग जमिनीच्या पातळीवर व उर्वरित उन्नत स्वरूपात नियोजित करण्यात आला. जमिनीच्या पातळीवरील नवा मार्ग जुन्या रेल्वेपट्टीला लागून जातो. साहजिकच कुंपणे, नाले, मोऱ्या, पूल व स्थानकांची प्रवेशद्वारे यांची आखणी नव्याने करावी लागते. लगतच्या पादचारी मार्गाचा विचार करण्याची वेळ हीच असते. एकदा भिंत उभी राहिली आणि नाला बांधून झाला, की मागाहून तीन मीटर जागा शोधणे जवळजवळ अशक्य होते.

रुळांवरील मृत्यू : समस्येचे खरे स्वरूप

रेल्वे सुरक्षेचा आढावा घेण्यासाठी अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल सादर केला. रुळांवर अनधिकृतपणे आल्यामुळे देशात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी सुमारे ६ हजार मृत्यू एकट्या मुंबई उपनगरी क्षेत्रात होतात, असे समितीने नमूद केले होते. गाड्यांची टक्कर किंवा घसरण यांची बातमी पहिल्या पानावर येते. रूळ ओलांडताना एकेकट्याने गेलेल्या माणसाची नोंद मात्र बहुधा पोलीस ठाण्यातच राहते. कोणताही सुसंस्कृत समाज एवढी मनुष्यहानी स्वीकारू शकत नाही, असाच या अहवालाचा सूर होता.

समितीने सर्व समपार फाटके पाच वर्षांत हटविण्याची शिफारस केली होती. ब्रॉड गेज मार्गांवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली, ही महत्त्वाची प्रगती होय. परंतु फाटक बंद करून उड्डाणपूल बांधला, की मोटारींची सोय होते. पायी जाणाऱ्याला मात्र तोच पूल लांबचा व चढाचा वाटतो आणि तो पुन्हा रुळांकडे वळतो. केवळ दंड आणि सूचनाफलक यांनी ही प्रवृत्ती थांबत नाही, कारण तिचे मूळ बेफिकिरीपेक्षा अंतरात व गैरसोयीत अधिक आहे.

मनोरंजनासाठी रुळांवर जाण्याचेही प्रमाण दुर्लक्षणीय नाही. पश्चिम घाटातील सकलेशपूर–सुब्रह्मण्य मार्ग हा बंगळुरूच्या पदभ्रमण करणाऱ्यांचा अनेक वर्षे आवडता मार्ग होता. गेज रूपांतराच्या काळात गाड्या बंद असताना तेथे चालण्याची प्रथा रुजली. गाड्या पुन्हा सुरू झाल्यावरही ती एकाएकी थांबली नाही. गोव्याच्या सीमेवरील दूधसागर धबधब्याकडे कॅसलरॉक–कुळे मार्गाच्या रुळांवरून जाणाऱ्या पर्यटकांना दक्षिण पश्चिम रेल्वेने जुलै २०२३ मध्ये तसे न करण्याचे जाहीर आवाहन केले. माथेरानचे चित्र थोडे वेगळे आहे. तेथे मोटारींना बंदी असल्याने अमन लॉजपासून गावापर्यंत अनेक पर्यटक छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेने चालत जातात. १९०७ मध्ये सुरू झालेली ही दोन फूट गेजची गाडी अत्यंत संथ चालते, म्हणून हा शेजार निभावतो. वेगवान ब्रॉड गेज मार्गावर तो प्राणघातक ठरतो. यातून निष्कर्ष असा निघतो, की रेल्वेच्या कडेने चालण्याची ओढ आणि गरज दोन्ही खऱ्या आहेत, आणि गाडीचा वेग जितका अधिक तितकी मार्ग व रूळ यांच्यातील विभागणी कडक हवी.

कायद्याची चौकट

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार अधिकाराविना रेल्वेच्या हद्दीत प्रवेश करणे हा गुन्हा आहे. मूळ तरतुदीत त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. येथे 'रेल्वे' या शब्दाची व्याख्या लक्षात घेण्यासारखी आहे. अधिनियमाच्या कलम २ नुसार रूळ व स्थानके यांच्याबरोबरच कुंपणाच्या किंवा सीमाचिन्हांच्या आतील सर्व जमीन 'रेल्वे'त मोडते. म्हणजेच लगतचा मार्ग कायदेशीर ठरायचा असेल, तर तो कुंपणाच्या बाहेर असला पाहिजे, किंवा त्याच्या वापरास रेल्वेने रीतसर परवानगी दिली पाहिजे. कुंपण येथे दुहेरी काम करते. ते अपघात टाळते आणि नागरिकाचा हक्क कोठे संपतो हेही दाखवते.

घटनात्मक दृष्टीनेही विषय गुंतागुंतीचा आहे. सातव्या अनुसूचीत रेल्वे हा संघसूचीतील विषय आहे, तर स्थानिक शासन राज्यसूचीत येते. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते व पूल, तसेच उद्याने, बागा व क्रीडांगणे या नागरी सुविधा नगरपालिकांच्या कार्यकक्षेत सुचविल्या आहेत. त्यामुळे एकाच पट्टीतील रूळ केंद्राकडे आणि त्यालगतची पायवाट महानगरपालिकेकडे, अशी विभागणी होते. बंगळुरूत २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण व पाच महानगरपालिका अशी नवी रचना आली. एखादा रेल्वेमार्ग एकाहून अधिक पालिकांच्या हद्दींतून जाऊ शकत असल्याने समन्वयाची गरज वाढली आहे.

पादचाऱ्यांच्या बाजूने धोरण व न्याय या दोन्ही क्षेत्रांत आधार उपलब्ध आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांच्या ऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला केंद्रस्थानी ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

अन्य देशांचा अनुभव

अमेरिकेच्या परिवहन विभागाने २००२ मध्ये चालू रेल्वेलगतच्या मार्गांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी ३० राज्यांत असे ६५ मार्ग आढळले होते. जवळच्या रुळाच्या मध्यरेषेपासून मार्गाचे अंतर कोठे जेमतेम २ मीटर, तर कोठे ३० मीटर होते; सरासरी सुमारे १० मीटर होती. या अभ्यासाने सर्वत्र लागू होईल असे एकच अंतर ठरवून दिले नाही. गाड्यांची संख्या व वेग, वळणे, भराव किंवा खोदाई, कुंपणाचा प्रकार या बाबी पाहून प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा, अशी त्याची भूमिका होती. २०१३ मध्ये तेथील एका स्वयंसेवी संस्थेच्या पाहणीत अशा मार्गांची संख्या ४१ राज्यांत १६१ झाल्याचे दिसून आले.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराने उपनगरी रेल्वे व द्रुतगती रस्त्यांच्या कडेने सामायिक मार्गांचे जाळे विणले आहे. रोज कामावर जाणारे सायकलस्वार आणि सकाळी फिरणारे नागरिक यांना एकच मार्ग उपयोगी पडतो. मियामी शहरात उन्नत मेट्रोच्या खाली सुमारे १६ किलोमीटरचा 'अंडरलाइन' मार्ग आखण्यात आला आणि त्याचा पहिला टप्पा २०२१ मध्ये खुला झाला. उन्नत रेल्वेखालील मार्गास एक नैसर्गिक लाभ मिळतो. गाडी डोक्यावर असल्याने रूळ ओलांडण्याचा धोका राहत नाही, शिवाय सावलीही मिळते.

महात्मा गांधी रस्त्याचा धडा

या बाबतीत बंगळुरूला स्वतःचाही अनुभव आहे. महात्मा गांधी रस्त्याच्या कडेला पूर्वी झाडे व फुलवेलींनी सजलेला, फिरण्यासाठी प्रसिद्ध असा प्रशस्त पदपथ होता. 'नम्म मेट्रो'च्या कामासाठी तो हटवावा लागला. ऑक्टोबर २०११ मध्ये बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता हा मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे २०१३ मध्ये उन्नत मार्गाखालील पट्टीत 'रंगोली' हे कला केंद्र व नवा पदपथ नागरिकांसाठी खुला करण्यात आला.

या प्रयोगाच्या स्वरूपात एक महत्त्वाचा मुद्दा दडलेला आहे. येथे मेट्रोचे खांब रस्त्याच्या कडेने गेले आहेत, म्हणून खालची जागा पदपथाला सलग जोडता आली. शहरात इतरत्र बहुतेक ठिकाणी खांब रस्त्याच्या मधल्या दुभाजकात उभे आहेत. तेथे दोन्ही बाजूंनी वाहने वाहतात. खाली झाडे लावता येतात, पण माणूस तेथे चालू शकत नाही. मार्गिका कोठे आखायची, हा निर्णय अभियंते प्रारंभी घेतात आणि खालच्या सार्वजनिक जागेचे भवितव्य त्याच क्षणी ठरते.

आखणीतील प्रमुख बाबी

रेल्वेलगतच्या मार्गाची आखणी करताना पुढील गोष्टी निर्णायक ठरतात.

पहिली बाब अंतराची. भविष्यात तिसरा किंवा चौथा रूळ टाकावा लागेल, हे गृहीत धरून जागा सोडावी लागते. तसे न केल्यास आज बांधलेला मार्ग उद्या उखडला जातो.

दुसरी बाब विभागणीची. उंच व चढण्यास अवघड असे कुंपण, जमिनीच्या पातळीतील फरक, दाट झुडपी कुंपण किंवा नाला यांपैकी योग्य त्या साधनांचा एकत्रित वापर करता येतो. २५ हजार व्होल्टच्या विद्युतवाहिनीचा धोका लक्षात घेऊन पादचारी पुलांवर जाळी आवश्यक असते.

तिसरी बाब ओलांडण्याची. केवळ समांतर मार्ग पुरेसा नाही. लोक ज्या ठिकाणी प्रत्यक्ष रूळ ओलांडतात, तेथेच भुयारी मार्ग किंवा पूल हवा. भुयारी मार्ग पावसात तुंबणार नाही व रात्री उजेडात राहील, याची हमी नसेल तर लोक पुन्हा रुळांवरच येतात.

चौथी बाब रुंदीची. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची चालण्यायोग्य रुंदी किमान १.८ मीटर असावी लागते. पादचारी व सायकली एकत्र आणायच्या तर सुमारे ३ मीटर रुंदी लागते.

पाचवी बाब देखभालीची. रेल्वेच्या ट्रॅकमनना रुळांपर्यंत सामग्री नेण्यासाठी वाट लागते. कुलूपबंद दारांची योग्य योजना केल्यास लगतचा मार्ग आपत्कालीन मदतीसाठीही वापरता येतो. मार्गावर वर्दळ राहिली, की कचरा टाकणे व अतिक्रमण यांना आळा बसतो, हा रेल्वेचाही लाभ होय.

अडचणी व मर्यादा

या कल्पनेवरील आक्षेप निराधार नाहीत. रेल्वेकडे देशात सुमारे ४.८ लाख हेक्टर जमीन आहे, परंतु तिचा मोठा भाग रूळ, स्थानके व यार्डांखाली गुंतलेला आहे. दाट वस्तीत पट्टी इतकी अरुंद होते, की उपनगरी मार्गांनंतर काहीच उरत नाही. उरलेल्या जमिनीपासून उत्पन्न मिळवणे हे रेल्वेचे अधिकृत धोरण आहे. त्यासाठी २००५ च्या दुरुस्ती अधिनियमान्वये रेल्वे भूमी विकास प्राधिकरणाची तरतूद झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मालवाहतूक टर्मिनलांसाठी ३५ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याचे धोरण मंजूर झाले. ज्यातून उत्पन्न नाही, अशा पायवाटेसाठी जमीन सोडण्यास रेल्वे सहजासहजी तयार होणार नाही. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी कोणाची, हाही प्रश्न आहे. रुळांकाठच्या झोपडवस्त्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. पुनर्वसनाविना सुशोभीकरण केले, तर ज्यांच्या जीविताच्या रक्षणासाठी मार्ग आखायचा तेच बेघर होतील.

म्हणून सर्व रेल्वेमार्गांवर एकसारखी योजना लादण्याऐवजी निवडक टप्पे घेणे शहाणपणाचे ठरेल. ज्या टप्प्यांत रूळ ओलांडण्याचे अपघात अधिक आहेत, स्थानके जवळजवळ आहेत आणि लगत पालिकेचा रस्ता किंवा मोकळी जमीन आहे, ते टप्पे प्रथम निवडता येतील. अशा ठिकाणी मार्ग पालिकेच्या जमिनीवर आणि कुंपण रेल्वेच्या हद्दीवर, अशी मांडणी केल्यास जमीन हस्तांतराचा प्रश्नच उरत नाही. पालिका, रेल्वे व के-राइड यांच्यात लेखी करार होऊन बांधणी, देखभाल, प्रकाशव्यवस्था आणि दायित्व यांची वाटणी आधीच ठरली पाहिजे. अमृत योजनेत २०१५ पासून हरित जागा व पादचारी सुविधा यांचा समावेश होता, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आखलेल्या अमृत भारत स्थानक योजनेत स्थानकापर्यंतच्या पोहोचमार्गांचा विचार आहे. निधीचे असे मार्ग शोधता येण्याजोगे आहेत.

समारोप

रेल्वेलगतच्या मार्गाकडे शहराचे अलंकरण म्हणून पाहिले, तर तो यादीत शेवटी राहील आणि पहिल्या आर्थिक अडचणीत वगळला जाईल. सुरक्षिततेचे साधन म्हणून पाहिले, तर त्याचा खर्च रेल्वे प्रकल्पाच्या मूळ अंदाजपत्रकातच धरावा लागेल. मार्गाची उपयुक्तता मोजण्याची कसोटीही त्यामुळे बदलेल. किती नागरिक सकाळी फिरावयास येतात, यापेक्षा त्या टप्प्यात रुळांवरील मृत्यू किती घटले, हे पाहिले जाईल. बंगळुरूची उपनगरी रेल्वे बांधली जात असताना कुंपणाची रेषा कोठून जावी, याचा निर्णय नकाशावर होतो. त्या रेषेबाहेर चालणाऱ्या माणसासाठी तीन मीटर जागा ठेवायची की नाही, हा त्याच नकाशावरचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बांधकामापूर्वी देणे स्वस्त पडते. बांधकामानंतर त्याची किंमत पैशात मोजता येत नाही.